कणकेचे दिवे आणि पाळीखालची विहीर

अधिक महिना जवळ आला की आमच्या गावातल्या गिरणीवर रांग लागते आणि रांगेतल्या बाया एकमेकींच्या डब्यांत डोकावून बघतात. कुणी अनारशांचे धुऊन वाळवलेले तांदूळ आणलेले असतात, कुणी धोंड्यांसाठी गहू. शिवाय बहुतेकींच्या हातात आणखी एक छोटा डबा असतो. त्यातले गहू जरा जाडसर दळायचे असतात. ती कणीक दिव्यांची.

काल मीही रांगेत होते. गरम पिठाचा वास मला लहानपणापासून आवडतो. गिरणीच्या दारात पाच मिनिटं उभं राहिलं की हातावरची लव पांढरी होते, नाकात गव्हाचा गोडसर धुरळा जातो आणि माणूस उगाच खुशीत येतं. गिरणीवाल्या सुधाकरनं माझा डबा घेतला आणि सवयीनं विचारलं, "बाई, दिव्याचं जाडं काढू ना?"

"नाही रे. पोळ्यांचंच आहे सगळं."

तो हसला. "तुमीच दिवे नाई सोडनार तं मंग कोन सोडन?"

मागच्या दोघीतिघीही हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. मी या गावात आयुष्यभर चित्रकला शिकवली, अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय, सुधाकर तर चित्रकलेत नापास होता होता वाचलेला. सगळे मला 'बाई'च म्हणतात. मी डबा घेऊन घरी आले, ओट्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. आणखी चार दिवसांनी महिना लागणार आणि मी काहीही थांबवू शकलेले नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दर तीनेक वर्षांनी पंचांगात हा एक महिना जादा येतो. जावयाच्या थाटाचा महिना. त्याला तेहतीस अनारसे नाहीतर तेहतीस धोंडे द्यायचे, ऐपत असेल तर चांदीचं निरांजन, त्यासाठी खामगावच्या सराफ्यात एक चक्कर. आणि रोज संध्याकाळी दिवा, जिला जमेल तिनं तेहतीस. यंदा तो ज्येष्ठात आलाय, भर उन्हाळ्यात. मागच्या वेळी श्रावणात होता. मला जे बोलायचंय ते त्या श्रावणाबद्दल. ते एका दमात सांगता येईल असं वाटत नाही, कारण मी ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

आमचं गाव उंद्रीच्या रस्त्यानं आत वळल्यावर लागतं. दोन्ही हातांना सोयाबीन आणि तूर, मग एक चढ, आणि चढ संपला की तळं. तळ्याला एका अंगानं पाळ आहे, म्हणजे मातीचा जुना बांध, आणि पाळीच्या खाली भीमनगर. तिथं एक दगडी विहीर आहे. तळ्याचं पाणी पाळीखालून झिरपतं आणि विहीर भरते. नळाला पाणी येतं दहा-बारा दिवसांनी, तेही आलं तर, म्हणून भीमनगर ही विहीरच पितं. तळ्याच्या वरच्या कोपऱ्यात आमच्या आळीची नाली येऊन मिळते. आमचं आंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, आणि जे लिहू नये तेही.

त्या कोपऱ्यात पूर्वी पाणकणसांचं दाट रान होतं. माणसाच्या डोक्यावर जाईल इतकं उंच, वर तपकिरी मखमली कणसं. सुगरणींची घरटी लोंबायची, पाणकोंबड्या पिल्लं घेऊन आत-बाहेर करायच्या. नालीचं काळं पाणी त्या रानात शिरायचं आणि पलीकडून निघताना बरंचसं निवळलेलं असायचं. हे मला दिसायचं. निसर्गचित्रं काढायला मुलांना घेऊन मी तिथंच तर बसायचे. पण ते पाणी कशानं निवळतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मी कणसांचा तपकिरी रंग कसा मिसळायचा ते शिकवत होते.

तळ्याकाठी उद्यान करायचं ठरलं तेव्हा सरपंच गजानन घरी आला. तोही माझाच विद्यार्थी. चहा पिता पिता म्हणाला, "बाई, इंजिनेरनं नकाशा देला, पन त्याच्यात जीव नाई. तुमी काढा बरं एखादं चित्र. तसंच करून घेऊ."

मी फुगले. खोटं कशाला बोलू? निवृत्तीनंतर कुणीतरी आपल्याला चित्र काढायला सांगतंय, आणि ते चित्र कागदावर न राहता जमिनीवर उभं राहणार, या विचारानं मला रात्रभर झोप आली नाही. मी मोठा कागद घेतला. फिरायला पेव्हर ब्लॉकची वाट काढली, पोरांसाठी झोपाळे आणि घसरगुंडी, म्हाताऱ्यांसाठी व्यायामाची यंत्रं. आणि मावळतीच्या कोपऱ्यात रुंद पायऱ्यांचा घाट, थेट पाण्यात उतरणारा. त्या कोपऱ्यात मी आधी पाणकणीस काढलेलं होतं. ते मी खोडरबरानं पुसलं. साप निघतात, डास होतात, आणि मावळतीचं ऊन पाण्यावर सरळ पडायला ते आड येतं, ही तिन्ही कारणं मीच गजाननला सांगितली. जेसीबीनं दोन दिवसांत कोपरा साफ केला. सुगरणींची घरटी ट्रॉलीत पडलेली मी पाहिली, आणि त्यांतली दोन मी घरी आणून दिवाणखान्यात टांगलीसुद्धा.

आता मला माझ्याच घाटाची बाजू घ्यायचीय, कारण नाहीतर कुणाला काही कळणार नाही. आमच्या गावात पुरुषांना पार आहे, टपरी आहे, स्टँडवरचा बाकडा आहे. बाईला संध्याकाळी दोन घटका बसायला काय होतं? देऊळ, आणि तिथंही दहा मिनिटांच्या वर बसलं की 'घरी काम नाई काय' असं विचारणारं कुणीतरी असायचंच. घाट झाला आणि बाया तिथं बसायला लागल्या. शेतातून आलेल्या, पाय पाण्यात सोडून बसायच्या. नव्या सुना मोबाइलवर माहेरी बोलायच्या. माझ्या शेजारची विमलकाकू, जी पंचवीस वर्षांत माझ्या ओट्यापलीकडे कधी बसली नव्हती, ती पायरीवर पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा सोलायची. ते बघून मला रडू यायचं. आजही त्या पायऱ्यांवर माझा जीव आहे, आणि आज मला त्या फोडून हव्या आहेत. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकदमच असतात आणि दोन्ही मला छळतात.

दिवे पाण्यात सोडायची रीत आमच्या गावात नव्हती. दिवा लागायचा तो तुळशीपाशी, नाहीतर देवळात. पाण्यात सोडायचं मी बाहेरगावी एका नदीवर पाहिलेलं, आणि मला वाटलं, एवढा सुंदर घाट आपण बांधलाय, तर होऊ दे. मीच अंगणात बायांना बसवून शिकवलं. कणीक घट्ट भिजवायची, काठ आत वळवायचे म्हणजे दिवा कलंडत नाही, बूड जरा पसरट ठेवायचं. मला तर तो शाळेतला मातीकामाचा तासच वाटला. अधिक श्रावणाच्या पहिल्या संध्याकाळी पहिले तेहतीस दिवे मी सोडले.

काय दिसायचं ते. आभाळ जांभळं, पाणी त्याहून गडद, आणि शेकडो ज्योती हळूहळू पाळीकडे सरकताहेत. कुणी बोलायचं नाही. लहान पोरंसुद्धा गप्प व्हायची. दुसऱ्या आठवड्यात आसपासच्या खेड्यांतून बाया यायला लागल्या, जीप भरून. धाडच्या बाजारात कुणीतरी कुणाला सांगितलं म्हणे, की या गावाला जाऊन दिवे सोडायचे. फाटकाशी भेळेच्या, पाणीपुरीच्या गाड्या लागल्या. मला रस्त्यात थांबवून लोक सांगायचे, बाई, गावाचं नाव काढलं तुम्ही. महिनाभर रोज, दर घराचे तेहतीस दिवे. एकेका दिव्यात मूठभर कणीक आणि चमचाभर तूप. रात्री ते विझायचे, भिजायचे आणि तळाशी जायचे. सकाळी पाण्यावर काहीच नसायचं आणि आम्हाला वाटायचं, देवानं घेतले.

मग पावसानं उघडीप दिली. श्रावण असून आभाळ नुसतं कोंदटलेलं, वारा नाही, अंगाला घामाचा चिकटा. सोयाबीनचं पान पिवळं पडायला लागलं. तळ्याचा रंग बदलला. मी रंगाचीच माणूस, मला तो सगळ्यांच्या आधी दिसला. आधी कोवळ्या मुगासारखा हिरवा, मग दाट, मग असा हिरवा की त्यात बोट बुडवलं तर बोटाला लागेल. घाटावर आंबलेल्या पिठाचा वास यायला लागला. एका सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करत होते. पोरं ओरडायला लागली की मासे नाचताहेत. दुसऱ्या दिवशी पांढरी पोटं वर करून काठाला लागले. लोक म्हणाले, उकाड्यानं मेले. मीही तेच म्हणाले. संध्याकाळी आम्ही मेलेले मासे काठीनं बाजूला सारून दिवे सोडले.

भास्करभाऊंबद्दल सांगते. भास्कर इंगळे. आम्ही एकाच शाळेत, एकाच वर्गात शिकलो. ते ग्रामपंचायतीत पाण्याचं बघतात. कागदावर 'जलसुरक्षक', गावात 'पाणीवाला भास्कर'. राहतात भीमनगरात, विहिरीला लागूनच. रोज सकाळी बादलीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी विहिरीत सोडायचं, हे त्यांचं काम. मग अर्ध्या तासानं काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे पावडर पाण्यात शिल्लक आहे, पाणी प्यायला चालेल. पांढरंच राहिलं म्हणजे पाण्यातल्या घाणीनं सगळी पावडर खाऊन टाकली. एवढी साधी परीक्षा. पण भास्करभाऊंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि फिकट पिवळा त्यांना दिसेनासा झाला होता. म्हणून ते नळी घेऊन माझ्याकडे यायचे. मी ती उन्हात, पांढऱ्या कागदापुढे धरायची. "आहे पिवळा," म्हणायची. चहा व्हायचा. इतकी वर्षं शिकवलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, असं मला वाटायचं.

त्या दिवशी सकाळी ते आले नाहीत. संध्याकाळी आले, थेट घाटावर. आम्ही सगळ्या ताटं घेऊन उभ्या होतो, माझे तेहतीस दिवे लागलेले, आणि कित्येक दिवसांनी जरा वारा सुटला होता. वाती फडफडत होत्या. पहिला दिवा मी सोडायचा अशी पद्धत पडून गेली होती, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"बाई, पाहा बरं जरा," भास्करभाऊ खालच्या आवाजात म्हणाले. "मले तं पांढरंच दिसून राह्यलं. दुप्पट पावडर टाकली आज, तरी."

मी एका हातानं ताट धरलेलं, दुसऱ्या हातानं नळी घेतली आणि डोळ्यांसमोर धरली. नळीच्या मागं तेहतीस ज्योती होत्या. नळीतलं पाणी पिवळं दिसलं.

"आहे की. फिकट आहे, पण आहे."

"पक्कं?"

"पक्कं, भास्करभाऊ."

"हाव. मंग ठीक हाय." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते पाळीवरून उतरून घरी गेले आणि मी दिवे सोडले.

दिव्याच्या उजेडात रंग पारखायचा नाही, हे मी पाचवीच्या मुलांना पहिल्या तासाला शिकवायचे. पिवळा तर मुळीच नाही. मला ते ठाऊक होतं. त्या क्षणी आठवलं नाही असंही म्हणवत नाही. आठवलं असावं. पण वारा सुटला होता आणि दिवे विझत होते.

प्रणाली ही भास्करभाऊंची मुलगी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा लागलेला. माझ्या वर्गात होती तेव्हा काहीही काढायला सांगा, ही घोडाच काढायची. बैलगाडी काढ म्हटलं तरी गाडीला घोडा. त्या श्रावणात ती संध्याकाळी पाळीवर येऊन बसायची, पोट सांभाळत, चिंचा खात. तिच्या घरात दिवे सोडायची रीत नाही, पण तिला बघायला आवडायचं. पाळीवरून मला म्हणायची, "बाई, तुमाले तिकून नाई दिसत तेवढं भारी. इकून पाहा, सगळे दिवे आमच्याकडेच येते." दिवे खरंच तिच्याकडे जायचे. वारा तसाच असायचा.

तीनेक आठवड्यांनी तिला मळमळ सुरू झाली. शकुंतला, तिची आई, म्हणाली, आठव्यात होतं असं. मी भेटायला गेले तेव्हा ती दारातल्या खाटेवर पडली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झालेला मला अंगणातूनच दिसला. भर दुपार होती. त्या पिवळ्याबद्दल शंकाच नव्हती.

तिला बुलडाण्याला नेलं, तिथून अकोल्याला. प्रणाली वाचली. बाळ राहिलं नाही. मुलगा होता.

भीमनगरात आणखी काही घरांत कावीळ निघाली. आरोग्य पथक आलं, बाटल्या भरून नेल्या, विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं 'पाणी पिण्यास अयोग्य' लिहून गेलं. पथकातल्या एका मुलीनं मला घाटावर उभं करून सगळं समजावून सांगितलं. सडलेल्या पिठानं पाण्यातली हवा संपली, म्हणून मासे मेले. नालीची घाण आता कुठंच न अडता तळ्यात येतेय आणि झिरपून विहिरीत उतरतेय. घाण आणि पीठ मिळून पावडर खाऊन टाकतात, मग कितीही टाका. "इथं पाणवनस्पती होत्या का हो पूर्वी?" तिनं विचारलं. होत्या, असं मी म्हणाले. त्या कुणी काढल्या ते तिनं विचारलं नाही. मग जोराचा पाऊस आला, तळं भरून वाहिलं, लाल अक्षरं पुसट झाली आणि गावानं सुटकेचा निःश्वास टाकला.

भास्करभाऊ मला कधीच काही बोलले नाहीत. एक शब्द नाही. मोतीबिंदू काढून आले, आता त्यांना सगळे रंग दिसतात. नळी घेऊन येत नाहीत, पण रस्त्यात भेटले की थांबतात, तब्येत विचारतात. शकुंतला तेवढ्याच गोडव्यानं चहा करते. त्यांना त्या संध्याकाळचं आठवत नाही की आठवूनही ते मला वाचवताहेत, मला कळत नाही. विचारायची हिंमत नाही. आमचे दिवे आणि त्यांची विहीर, असं एकदा तरी त्यांनी माझ्या तोंडावर फेकावं, असं मला फार वाटतं.

मी नवा नकाशा काढला. या वेळी सुंदर काढला नाही, बरोबर काढायचा प्रयत्न केला. झोपाळे, घसरगुंडी, यंत्रं जिथं आहेत तिथंच. बसायच्या वरच्या पायऱ्याही तशाच. खालच्या पाच पायऱ्या फोडायच्या आणि तो कोपरा परत पाणकणसांना द्यायचा. नाली आधी गिट्टी-वाळूच्या खड्ड्यात उतरवायची आणि मग त्या रानात सोडायची. पेव्हर ब्लॉक काढून मुरूम टाकायचा, म्हणजे पावसाचं पाणी जागीच मुरेल. खाण्याच्या गाड्या फाटकाबाहेर. दिव्यांसाठी वरच्या पायरीवर एक उथळ हौद, रात्री विझलेले दिवे गोळा करून सकाळी गुरांना घालायचे. बायांचं बसणं जात नाही, पोरांचं खेळणं जात नाही, दिवेसुद्धा जात नाहीत. मला वाटलं, याला कोण नाही म्हणेल?

नाही कुणीच म्हणालं नाही. गजानन म्हणाला, "लय मस्त काढला बाई. पाहू आपन." हे 'पाहू' मी दोन दिवाळ्या ऐकलं. मग मागच्या थंडीत भास्करभाऊ आणि मी पैनगंगेच्या पात्रातून पाणकणसांचे गड्डे पोत्यात भरून आणले आणि नालीच्या तोंडाशी चिखलात लावले. दोघंही साठी ओलांडलेले, गुडघाभर चिखलात, एकमेकांना हात देत. फुटले ते. हिरव्या पात्या वीतभर वर आल्या तेव्हा मी त्यांना रोज बघायला जायची. मग गावात स्वच्छता मोहीम निघाली. शाळेची पोरं, पंचायतीची माणसं, सगळ्यांनी मिळून तळ्याचा काठ साफ केला, आणि ते गवत समजून उपटून ढीग घातला. ढिगापुढे उभं राहून फोटो काढले. मला बोलावून फोटोत उभं केलं.

गेल्या महिन्यातल्या ग्रामसभेत मी उभी राहिले. हातातला नकाशा टेबलावर पसरला. जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. नळीचं सोडून. गजाननानं नम्रपणे ऐकून घेतलं. "बाई, तुमचं बराबर हाय. पन आता अधिक महिना तोंडावर आला. घाट फोडला तं बाहेरगावचे लोकं काय म्हन्तीन? महिना जाऊ द्या, मंग करू."

"महिन्यासाठीच तर सांगतेय, गजानन. उन्हाळा आहे. तळ्यात पाणी उरलंय किती?"

"हौदात सोडलेला दिवा पोचते काय बाई?" मागून एक बाई म्हणाली. खरंच विचारत होती, खोडी काढत नव्हती.

पाण्यात सोडलेला पोचतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

मग मी घरोघरी फिरले. उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, निवडणुकीला उभी राहिल्यासारखी. कुणी पाणी दिलं, कुणी सरबत. सगळ्यांनी ऐकलं. विमलकाकूनं मात्र तोंडावर सांगितलं. "तवा तूच तं शिकवलं, काठ कसे वळवायचे ते. तुही पोरगी पुन्यात सुखात हाय, तुया जावई चांगला हाय. तुये दिवे सोडून झाले. आता आमाले काऊन नाई म्हन्तं? माह्या पोरीचं अजून काई झालं नाई." तिच्या मुलीच्या लग्नाला आठ वर्षं झालीत, मूल नाही. ती त्यासाठी रोज तेहतीस दिवे सोडणार आहे. तिला काय सांगायचं होतं मी? मी भीमनगरातल्या लेकरांचं बोलले. काकू म्हणाली, "त्याईले पंचायतीनं रोज नळ सोडावा ना मंग." तेही बरोबरच होतं. सगळ्यांचं सगळं बरोबर असतं आणि मी पुन्हा रस्त्यावर येते.

हे लिहितेय तेव्हा तळं आटून एका कोपऱ्यात आलंय. घाटाच्या शेवटच्या पायरीखाली फक्त एक डबकं उरलंय, आणि नाली त्यातच पडते. श्रावणात निदान पाणी होतं. वास आत्ताच येतो. पंचायतीनं घाटाला नवा चुना मारलाय आणि माळा सोडल्यात.

आज सकाळी शकुंतलानं बोलावलं म्हणून भीमनगरात गेले. अंगणात दोरीवर दुपटी वाळत होती, जुन्या लुगड्यांची, मऊ, वीस-पंचवीस तरी असतील. प्रणालीला सातवा लागलाय. सासर जालन्याकडे, सासू अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. दोन जिवांच्या बाईकडे बघायला घरात कुणी नाही, उलट हिलाच सासूचं करावं लागतं. रविवारी नवरा तिला इकडे आणून सोडणार असं ठरत होतं. शकुंतलानं मला हळूच सांगितलं, "पानी उकळूनच देईन म्हन्ते मी. जारही आनू. पन तोंड धुनं, भांडे, भाजी, सारं त्याच पान्यानं होते ना बाई. किती अन् कुठं कुठं ध्यान देऊ?"

भास्करभाऊ ओट्यावर बसून फोनवर तिच्याशीच बोलत होते. ऐकू कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर होता. धड ये म्हणत नव्हते, धड नको म्हणत नव्हते. "हाव," म्हणायचे. "पाहू," म्हणायचे. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, बाई हाय काय तिथं? बाईले द्या."

भास्करभाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"बाई, तुमी सांगा. बाबा काई धड बोलून नाई राह्यले." तिचा आवाज अजून वर्गातल्यासारखाच आहे. "पानी कसं हाय यंदा? येऊ काय मी?"

मला खूप काही बोलायचं होतं. मी नकाशा काढलाय, मी घरोघरी फिरलेय, आम्ही दोघांनी मिळून चिखलात उतरून लावलं होतं. आणि ती संध्याकाळ. समोर भास्करभाऊ बसले होते, जमिनीकडे बघत.

"नको येऊस, प्रणाली," मी म्हणाले.

तिकडे पंख्याचा घरघराट येत होता. कुणीतरी म्हातारं माणूस कण्हत होतं.

"बरं बाई," ती म्हणाली. आणि मग, "आईले म्हना, दुपटी पन नका पाठवू. त्या पान्यातच धुतली असतीन ना."

शकुंतला दोरीपाशी उभी होती. तिनं ते ऐकलं. तिच्या हातात एक दुपटं होतं, ते तिनं नुकतंच पिळून झटकलं होतं, वाळत घालायचं होतं.